दारासमोरचं शिलाई मशीन

बंगळुरात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक नोकरी कुठं, लग्न झालंय का आणि घरात मासे शिजणार का, एवढं तरी विचारून घेतात. अण्णांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. जे. पी. नगरातल्या त्यांच्या घराच्या फाटकात त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आलाय. लॅपटॉपची बॅग उद्यापासून उजवीकडं घ्यायची." मग आत तोंड करून ओरडले, "ए, ऐकलंस! वरची खोली गेली!"

माझं ऑफिस हेब्बाळला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. डोकं ठिकाणावर असलेल्या कुणीही ती खोली घेतली नसती. पण सांगली सोडल्यापासून माझ्या भाषेत इतक्या हक्कानं माझ्यातली खोट कुणी काढली नव्हती, म्हणून मी ती घेतली.

अण्णा शिंपी. त्यांचं घराणं या गावात कधी आलं ते त्यांच्या आजोबांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कुठली कुठं संपते कळू नये. थांबायचं ते 'स्वल्प' थांबायचं, पटलं की 'सरी', जेवण म्हणजे 'ऊटा'. मी एकदा हसले तर म्हणाले, "हसू नको. तुझं मराठी पेपरातलं, आमचं घरातलं. घरात वापरलं की कापड स्वल्प मळणारच." गळ्यात टेप कायम. निदान अंघोळीला जाताना काढून ठेवत असतील, असा माझा अंदाज होता. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तोही खोडून काढला.

दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी शिलाई मशीन घरी आणलं. शिंपी मशीन ठेवतो उजेडात, खिडकीशी. अण्णांनी ते ठेवलं घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी, मधल्या पॅसेजमध्ये, एका बंद दाराकडं तोंड करून. दिवसा दिवा लावून तिथं ते मशीन चालवत. मी राहायला गेले तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. म्हातारा चक्रम होताच, पण मशीन तिथं ठेवण्याचं कारण दाराच्या पलीकडं होतं.

पलीकडं पुट्टू होता. पुट्टू म्हणजे लहानगा. हा लहानगा पंचविशीचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच आणि इंजिनियर झालेला होता. नोकरी लागली आणि पाच-सहा महिन्यांत सुटली. त्यानं सोडली की सोडायला लावली, ते कुणालाच कळलं नाही. मग मित्रांचे फोन घेणं बंद झालं, मग केस कापायला जाणं, मग सगळ्यांबरोबर जेवायला बसणं. एक दिवस आतून कडी लागली ती लागलीच. मी आले तेव्हा त्याला दीडेक वर्ष झालं होतं. ताट दाराशी ठेवायचं, थोड्या वेळानं ते रिकामं होऊन बाहेर यायचं. घर बांधताना त्या खोलीला अटॅच बाथरूम काढण्याची हौस अण्णांचीच. "तिनंच घात केला," ते म्हणत. "ती अटॅच नसती तर दिवसातून चारदा पोराचं दर्शन झालं असतं."

अक्कांनी खटपट करून मनोविकाराच्या एका डॉक्टर बाईंना गाठलं होतं. बाई आधी येऊन दाराबाहेरून बोलून गेल्या, मग आठवड्यातून एकदा फोनवर त्याच्याशी बोलू लागल्या. त्यांनी आईबापांना समजावलं की हा आळस नाही आणि माजही नाही, भीती आणि नैराश्य दोन्ही आहे. अशी मुलं आता बऱ्याच घरांत आहेत, लोक लाजेनं सांगत नाहीत इतकंच. दार फोडू नका, उलटतपासणी घेऊ नका, बाहेरचं जग मात्र त्याच्या कानावर पडत राहू द्या. वेळ लागेल.

अण्णांना हे लगेच पटलं. "कापड ओढायचं नाही," ते मला म्हणाले. "मशीनच्या पायाखाली सरळ धरलं की ते आपसूक पुढं नेतं. ओढलं की सुई मोडते."

पण अण्णांना कुठलीही गोष्ट बेतशीर करता येत नसे, कापड सोडून. उलटतपासणी नको म्हटल्यावर त्यांनी पॅसेजमध्ये प्रश्न विचारण्यावरच बंदी घातली, आणि ती सगळ्यांना लागू होती. "अण्णा, पाणी आलं का?" असं मी जिन्यावरून विचारलं की ते ओठांवर बोट ठेवत. मग मी म्हणे, "पाणी आलं असावं." ते म्हणत, "आलं असेलही." या गावात माणूस भेटल्याबरोबर जेवण झालं का विचारतो. अण्णांच्या घरात शिरताना सगळे 'ऊटा झालं असेल' असं सांगत शिरायचे. सिलिंडरवाला बिचारा दारात उभा राहून 'अक्का घरात असणार' असं भिंतीला ऐकवत असे. नवखा माणूस त्या घरातून डोकं धरूनच बाहेर पडायचा.

बाहेरचं जग कानावर घालण्याचं कामही त्यांनी असंच अंगावर घेतलं. मशीन चालवता चालवता त्यांचं बातमीपत्र चालू असे, दाराकडं तोंड करून, पण दाराला उद्देशून नाही. कोपऱ्यावरच्या दर्शिनीतली, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातली, चटणी पातळ झाली. समोरच्यांनी कुत्रा आणला, त्याला दम लागतो. "वरची आज हेब्बाळच्या पुलावर दीड तास अडकली. तेवढ्या वेळात मी पाच काजं केली असती." माझं सगळं आयुष्य त्या दाराला ठाऊक होतं. माझं एक स्थळ मोडलं तेही सांगलीला कळायच्या आधी त्या दाराला कळलं.

नातेवाईक सल्ले द्यायला यायचे. कुणी म्हणे ताईत बांधा, कुणी म्हणे लग्न करून टाका, कुणी म्हणे दोन थोबाडीत द्या. अण्णा वाद घालत नसत. गळ्यातला टेप काढायचे आणि "मामा, उभे राहा स्वल्प," म्हणत पाहुण्याच्या पोटाला गुंडाळायचे. टेप पोटाला लागला की भलाभला माणूस श्वास आत ओढून धरतो. आणि श्वास धरलेल्या माणसाला सल्ला देता येत नाही. अण्णा आकडा मोठ्यानं वाचत, "अय्यय्यो" म्हणत, आणि टेप पोटावर तसाच ठेवून चटणी पातळ झाल्याचं सांगत बसत. पाहुणे घाईघाईनं कॉफी संपवून निघून जात. एक काकू तर पुन्हा कधी आल्याच नाहीत.

दसऱ्याला आणि उगादीला, म्हणजे पाडव्याला, घरातल्या प्रत्येकाला अण्णांच्या हातचा नवा कपडा, ही त्या घरची रीत. दार बंद झाल्यावर पहिला दसरा आला तेव्हा अक्का म्हणाल्या, या वेळी तयार शर्ट आणून दाराला अडकवू. अण्णांना ते विष पाजण्यासारखं वाटलं. तयार शर्ट, शिंप्याच्या पोराला! त्यांनी न पाहिलेल्या अंगाचा शर्ट शिवायचं ठरवलं. माप कानानं घेतलं. आतली खुर्ची किती करकरते यावरून कंबर, पावलं कशी पडतात यावरून वजन, ताटातल्या किती पोळ्या परत येतात यावरून पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज. शर्ट शिवून त्यांनी दाराच्या कडीला अडकवला. संध्याकाळी तो परत कडीवर दिसला. गळ्याशी एक टाचणी लावलेली होती. म्हणजे कॉलर घट्ट.

अक्का सांगतात, ती टाचणी बघून अण्णा पॅसेजमध्ये नाचायचेच बाकी होते. त्यांनी कॉलर उसवली, सैल केली, पुन्हा अडकवली. या वेळी शर्ट आत गेला तो गेला.

तेव्हापासून त्यांना सणाची वाट बघवेना. जरा दिवस गेले की शर्ट. टाचणी लागून आला की खुशी, टाचणीशिवाय आत राहिला की जास्त खुशी. पुट्टूकडं शहरात कुणाकडं नसतील इतके शर्ट झाले, आणि तो कुठंही जात नव्हता.

अशाच एका दिवशी मी घरून काम करत होते आणि कॉफीसाठी खाली आले होते. अण्णांनी चौकडीच्या कापडाचा शर्ट नुकताच कडीला अडकवला होता. दार किंचित उघडलं, शर्ट आत गेला, कडी लागली. आणि आतून बसक्या आवाजात, आठवड्यातून एकदाच वापरल्या जाणाऱ्या गळ्यातून, शब्द आले:

"अण्णा, खिशाचे चौकडे जुळत नाहीत."

अक्का ओट्याशी होत्या तशाच थिजल्या. दोनेक वर्षांत मुलगा आईबापांशी पहिल्यांदा बोलला होता. अण्णांच्या ते लक्षातच आलं नाही.

"माझे चौकडे?" ते उसळून उठले. "जुळत नाहीत? माझे?" बंदी घालणाऱ्यानंच एका दमात तीन प्रश्न विचारले.

"बोटभर खाली आहेत," दार म्हणालं.

"पन्नास वर्षं शिवतोय मी! मंत्र्यांचे खिसे शिवलेत!"

"मंत्र्यांचे जुळले असतील. हे जुळत नाहीत."

शर्ट बाहेर फेकला गेला. अण्णा तो उचलून माझ्याकडं आले, आणि तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं. मला म्हणाले, "तो बोलला!" मग लगेच, "पण खोटं बोलला. बघ तू." मी शर्ट उजेडात नेला. चौकडे खरंच बोटभर खाली होते. मी तसं सांगितलं. अण्णा खिसा डोळ्यांपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला सरळ दिसतायत ग."

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डावा अगदी पिकलेला, उजवा त्याच्या मागोमाग. घरात आम्ही इतकी माणसं वावरत होतो, कुणाला पत्ता नव्हता. दाराआडच्या पोरानं ते एका खिशावरून ओळखलं.

आता सुई ओवणं जमेना. अण्णांनी सुई आणि दोरा एका पुठ्ठ्यावर ठेवून दाराखालून आत सरकवला. थोड्या वेळानं पुठ्ठा परत आला, सुईत दोरा, दोऱ्याला गाठ. काही दिवस असं चाललं. मग दार वीतभर उघडून हात येऊ लागला. आणि एक दिवस मी जिना उतरत होते तर अण्णांच्या मशीनशेजारी स्टुलावर पुट्टू बसलेला. केस खांद्यापर्यंत, दाढी छातीवर, अंगावर अण्णांनी कानानं बेतलेला शर्ट. मला बघून तो उठून आत गेला. मी त्या दिवसापासून जिन्यावर मुद्दाम पाय आपटत उतरू लागले. पुढं पुढं तो उठेनासा झाला.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो नेहमी अण्णांच्या डाव्या हाताला बसे.

इकडं अण्णा ऑपरेशनचं नाव काढू देईनात. डॉक्टर म्हणाले लवकर करा, अक्का म्हणाल्या आजच करा, अण्णा म्हणाले बेडा. "बेडा" म्हणजे नको, आणि त्यांनी म्हटलेलं नको म्हणजे कायमचं नको. धूसर दिसतच होतं, ते आणखी वाढलं. अक्कांच्या झंपरची एक बाही उलटी लावली. सांबार पेल्यात आणि कॉफी भातावर घेतली. दारात ठेवलेल्या सिलिंडरला "या, बसा" म्हणाले. अक्का चिडल्या, रडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. माणूस घाबरट झालाय, असा निकाल सगळ्या गल्लीनं दिला.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा ते कठडा चाचपत वर आले. मी म्हटलं, "अण्णा, इथं प्रश्न चालतो ना? ऑपरेशन का करत नाही?"

ते कठडा सोडून माझ्याजवळ सरकले. मग कुजबुजले, "मला तो नीट दिसत नाही म्हणून तो बाहेर येतो ग. त्याला माणसानं बघितलेलं सोसत नाही. मला नुसता एक आकार दिसतो, उंच, काळा. त्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो शेजारी बसतो. डोळे स्वच्छ झाले की तो परत कडी लावणार. डोळे घेऊन करू काय मी? दार बघत बसू?"

माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो मी उगाच पुन्हा पिळला. मला रडू येत होतं.

अण्णांची कुजबूज म्हणजे दोन घरांना ऐकू जाणारी. पुट्टूची खिडकी गच्चीच्या बरोबर खाली होती. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून सुई ओवता ओवता तो म्हणाला, "ऑपरेशनला मी येतो. दवाखाना मी शोधतो. लांबचा."

लांबचा म्हणजे त्यानं येलहंक्याचा शोधला, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. टॅक्सीत पुढं मी, मागं अक्का, अण्णा आणि मधोमध पुट्टू, टोपी, मास्क आणि त्यावर ओढलेलं हूड. दरोडा घालायला निघाल्यासारखे आम्ही निघालो. हेब्बाळच्या पुलापाशी नेहमीप्रमाणं अडकलो. चहूबाजूंनी गाड्या, काचेपाशी माणसं. पुट्टूचा श्वास भराभर होऊ लागला. "परत चला," तो म्हणाला. परत जायलाही वाट नव्हती.

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. गळ्यातला टेप काढला आणि एक टोक त्याच्या मुठीत दिलं. "धर. सोडू नको. मी गुंडाळतोय." टेप सगळा गुंडाळला की ते पुन्हा उलगडत, पुन्हा सावकाश गुंडाळत. पुट्टूनं टोक धरून ठेवलं. किती वेळा उलगडला कोण जाणे, पण येलहंका आलं तेव्हा तो श्वास घेत होता आणि टेप त्याच्या हातात होता. ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "अप्पा टेलर असणार." त्यालाही प्रश्न न विचारण्याची लागण झाली होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा मिळाला. डॉक्टरांनी थोडे दिवस लावा म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी तो महिना उलटला तरी काढला नाही. "काही उपयोग नाही झाला," ते मोठ्यानं जाहीर करत, दाराकडं तोंड करून. "पहिल्यापेक्षा धूसर."

अभिनय मात्र त्यांना मुळीच येत नसे. ऑपरेशनच्या आधी जितके धडपडले नव्हते तितके ते आता धडपडू लागले. कपाटावर आधी ठरवून आदळायचे आणि मग चार पावलं मागं येऊन पुन्हा आदळायचे. फरशीवर पडलेली टाचणी उचलून द्यायचे आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणायचे, "हाताला लागली." मला म्हणाले, "खांदा आता सरळ झालाय तुझा," आणि जीभ चावली. अक्का ओट्याकडं तोंड करून हसत. आम्हाला दोघींना सगळं कळत होतं आणि आम्ही गप्प होतो, कारण पुट्टू अजून स्टुलावर बसत होता, डाव्या हाताला. दार उघडं राहू लागलं होतं. ते पुन्हा बंद होईल, ही भीती आम्हा तिघांनाही होती.

त्या दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगसाठी निघाले होते, बॅग उजव्या खांद्याला. पॅसेजमध्ये अण्णा मशीनशी, काळा चष्मा लावून. पुट्टूच्या एका हातात बाही, दुसऱ्यात सुई आणि दोरा. तो सहज म्हणाला, "अण्णा, हे जरा."

अण्णांनी सुई घेतली. दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, ओठांनी ओलं केलं आणि त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये, काळ्या चष्म्यातून, एका झटक्यात ओवून, गाठ मारून सुई परत दिली.

मग त्यांना कळलं. अक्कांना कळलं, मला कळलं. मशीनवरचा त्यांचा पाय थांबला.

पुट्टू सुईकडं बघत होता. "दिसतं ना तुम्हाला?" त्यानं विचारलं. त्या पॅसेजमध्ये त्यानं कधीच काही विचारलं नव्हतं.

अण्णांनी मान खाली घातली. चोरी पकडलेल्या पोरासारखे म्हणाले, "स्वल्प."

पुट्टू उठला. तो आत जाणार म्हणून अक्कांनी डोळे मिटून घेतले. त्यानं स्टूल सरकवलं, डावीकडून निघून मशीनच्या पुढं दिव्याखाली आला आणि गिऱ्हाइकं उभी राहतात तसा, हात अंगापासून जरा दूर धरून, उभा राहिला.

"मग मापं घ्या," तो म्हणाला. "मागच्या तिन्ही शर्टांची बाही आखूड झालीय. मी टाचणी लावली नव्हती."

अण्णांनी काळा चष्मा काढला. पायापासून डोक्यापर्यंत पोराला बघितलं. मी वाट बघत होते की आता ते खोट काढतील, खांदा, कंबर, काहीतरी. गळ्यातला टेप काढून त्यांनी त्याच्या खांद्यांवर धरला, आकडा वाचायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"तू वाच ग," ते मला म्हणाले. "मला आता खरंच दिसत नाही."

मी बॅग खाली ठेवली आणि पुढं झाले. "साडेएकोणीस."

"मी एकोणीस धरला होता," अण्णा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. "अर्धा इंच चुकलो की रे."

पुट्टूनं बाहीच्या मापासाठी हात लांब केला.